३७७ 'गेलं' म्हणजे नेमकं काय गेलं?

माझे एक मामा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर स्टेशन डायरी लिहिलेला माणूस, त्यामुळे त्यांना कायदा आकड्यांनीच आठवतो. तीनशे दोन, चारशे वीस, तीनशे चोवीस. मध्यंतरी घरच्या एका लग्नात पंगत उठल्यावर त्यांनी मला गाठलं. "काय गं वकीलबाई, ते तीनशे सत्त्याहत्तर गेलं ना? मग त्या लोकांची लग्नं अजून का लागत नाहीत?" शेजारी पान लावत बसलेल्या काकांनी लगेच भर घातली, "गेलंय कुठे? नव्या कायद्यात दुसऱ्या नंबरने आलंय."

दोघेही चुकत होते, पण दोष त्यांचा नव्हता. समलिंगी संबंधांवर लावल्या जाणाऱ्या या एका कलमावर २००१ ते २०१८ अशी सतरा वर्षं न्यायालयात लढाई चालली. मधे एकदा ती जिंकली, मग हरली, मग पुन्हा जिंकली. ज्या भारतीय दंड संहितेत हे कलम होतं ती संहिताच १ जुलै २०२४ पासून गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. लग्नाचा खटला तर वेगळाच होता. वर्तमानपत्रातल्या मथळ्यांवरून या सगळ्याची संगती लागणं कठीणच. म्हणून मामांना त्या दिवशी मांडवात सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे.

## कलमात लिहिलं होतं तरी काय?

'समलिंगी' हा शब्द कलम ३७७ मध्ये कुठेच नव्हता. कोणताही पुरुष, स्त्री किंवा प्राणी यांच्याशी 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंध स्वेच्छेने ठेवणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड, असा त्याचा आशय. 'निसर्गक्रम' म्हणजे काय, याची व्याख्या मात्र दिलेली नव्हती. संमती होती का, वय काय, बंद दाराआड की चव्हाट्यावर, यांतलं काहीही हे कलम विचारत नव्हतं. संबंधातून मूल होण्याची शक्यता आहे की नाही, ही मोजपट्टी न्यायालयांनी बराच काळ वापरली. ती काटेकोरपणे लावली असती तर कागदावर कितीतरी नवरा-बायको गुन्हेगार ठरले असते.

हे आलं कुठून? इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ साली, असा कायदा झाला होता. तिथे या गुन्ह्याला १८६१ पर्यंत फाशी होती. हिंदुस्थानसाठी दंड संहितेचा मसुदा १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगाने तयार केला. त्या मसुद्याला जोडलेल्या टिपांमध्ये जवळपास प्रत्येक गुन्ह्यामागची कारणं दिली आहेत. या गुन्ह्यापाशी आल्यावर मात्र आयोग म्हणतो की विषय इतका किळसवाणा आहे की त्यावर कमीत कमी बोललेलं बरं, चर्चेला तोंड फुटेल असं काही आम्ही लिहू इच्छित नाही. म्हणजे जन्मठेपेपर्यंतची शिक्षा असलेला गुन्हा, आणि तो गुन्हा का, याचं कारण द्यायला कायदा करणाराच तयार नाही! संहिता १८६० मध्ये मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि हे न सांगितलेलं कारण पुढची दीडशे वर्षं तसंच राहिलं.

कायदा कृतीला शिक्षा देत होता, माणसाला नाही, असा बचाव पुढे सर्वोच्च न्यायालयातही झाला. त्यासाठी १८८४ चं अलाहाबाद उच्च न्यायालयातलं खैराती नावाच्या आरोपीचं प्रकरण पाहण्यासारखं आहे. ही व्यक्ती बायकी कपडे घालून गात असे. पोलिसांनी पकडलं, वैद्यकीय तपासणी केली आणि खालच्या न्यायालयाने शिक्षाही दिली. गुन्हा कधी झाला, कुठे झाला, कोणासोबत झाला, यातलं काहीच आरोपात नव्हतं, म्हणून उच्च न्यायालयाला सोडून द्यावं लागलं. चोरी कुठली ते ठाऊक नाही, पण चेहरा चोरासारखा आहे म्हणून आत टाकलं, असा तो प्रकार. कायद्यात कृती लिहिलेली होती, धरला गेला तो माणूस.

## खटले तर मोजकेच झाले. मग त्रास कसला?

हा आक्षेप अगदी वरच्या पातळीवर घेतला गेला. दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी जणांवर खटले चालले, असं २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. हा आकडा वरिष्ठ न्यायालयांच्या छापील निकालांमधून आलेला. ठाण्यात काय घडलं, ते त्या निकालांत कुठून येणार?

मी मामांनाच विचारलं, तुम्ही हे कलम किती वेळा लावलंत? ते हसले. "लावायला कशाला लागतंय? नुसतं नाव घेतलं तरी समोरचा पाकीट काढायचा. घरी कळवू म्हटलं की संपलंच." मामा स्वतः तसे नव्हते असं मी धरून चालते, पण त्यांनी जे सांगितलं ते या कलमाचं खरं कामकाज होतं. मास्तरांची छडी खुंटीवर टांगलेली असते. वर्षभरात ती कोणाच्याही पाठीवर पडली नाही म्हणून वर्गातली पोरं निर्धास्त होती, असं कोणी म्हणेल का? इथे तर छडी मास्तरांखेरीज घरमालक, सहकारी, रस्त्यावरचा गुंड, कोणालाही उचलता येत होती. आणि ज्याला लुबाडलं तो तक्रार करायला जाणार कुठे? ठाण्यात गेला तर आपलाच 'गुन्हा' आधी सांगावा लागणार.

या लढाईची सुरुवात अधिकारांच्या भाषेतून कमी आणि आरोग्याच्या अडचणीतून जास्त झाली. १९९४ मध्ये तिहार कारागृहात कैद्यांना निरोध वाटायला नकार मिळाला. तसं करणं म्हणजे गुन्ह्याला मदत करणं, अशी भूमिका होती. त्यावर 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ ला आव्हान दिलं. ती याचिका रेंगाळली आणि निकालात निघाली. मग जुलै २००१ मध्ये लखनौत पोलिसांनी एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना अटक केली. आरोपांमध्ये ३७७ होतंच. माहितीपत्रकं आणि निरोध हाच पुरावा. दीड महिन्याच्या आसपास ही माणसं तुरुंगात होती. त्यांच्यातले एक आरिफ जाफर. हे नाव लक्षात ठेवा, सतरा वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

## एका घरातून दोन उत्तरं

त्याच वर्षी 'नाझ फाउंडेशन' या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. एचआयव्हीवर काम करणाऱ्या या संस्थेचं म्हणणं साधं होतं: ज्यांच्यापर्यंत आम्हाला औषध आणि माहिती पोचवायची, ते तुरुंगाच्या भीतीने लपून बसतात. २००४ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. संस्थेवर स्वतःवर कुठे खटला आहे, मग हा नुसता पुस्तकी प्रश्न झाला, असं त्याचं कारण. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रश्न पुस्तकी नाही, नीट ऐका. पाच वर्षं नुसती दार उघडण्यात गेली.

सुनावणी सुरू झाली आणि एक मजेशीर गोष्ट घडली. केंद्राच्या गृह खात्याने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की हे कलम हवंच, समाजाची नीतिमत्ता त्यावर टिकून आहे. आरोग्य खात्याच्या एड्स नियंत्रण संघटनेने त्याच सरकारच्या वतीने सांगितलं की या कलमामुळे आमचं काम अडतं. दारात आलेल्या पाहुण्याला वडील म्हणतात 'बसा' आणि आई म्हणते 'आम्ही निघालोय', तशातली गत.

२ जुलै २००९ ला निकाल आला. पीठावर होते मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह, आपल्या सोलापूरचे, आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर. आजही होणाऱ्या गोंधळाचं मूळ या निकालाच्या रचनेत आहे, म्हणून इथे जरा थांबू. न्यायालयाने कलम ३७७ रद्द केलं नाही. प्रौढांनी, संमतीने, खासगीत ठेवलेले संबंध यापुढे या कलमात बसणार नाहीत, एवढंच सांगितलं. कायद्याच्या भाषेत याला अर्थसंकोच म्हणतात: कलम जागेवर राहतं, पण त्याचा घटनेच्या विरोधात जाणारा भाग कापला जातो. बाही काचते म्हणून शिंपी अख्खा सदरा फेकून देत नाही, तेवढी बाही उतरवतो. जबरदस्ती, अल्पवयीन मुलं आणि प्राणी यांच्याबाबत ३७७ चा बाकीचा सदरा तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, पुढे दोनदा लागेल. न्यायालयाकडे कात्री असते. सुई-दोरा असतो संसदेकडे.

## जिंकलेला डाव गेला कसा?

दिल्लीच्या निकालाविरुद्ध केंद्र सरकार अपिलात गेलंच नाही. गेले ते दिल्लीतले एक ज्योतिषी, सुरेशकुमार कौशल, आणि त्यांच्या मागोमाग वेगवेगळ्या धर्मांच्या संघटना. एरवी ज्यांचं एकमेकांशी कशावरच जमत नाही, त्यांचं या एका मुद्द्यावर जमलं. दुसऱ्या बाजूला समलिंगी मुलामुलींचे काही आईवडील स्वतःहून सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. त्यांत मराठी रंगभूमीवरच्या ज्येष्ठ कलावंत चित्रा पालेकर होत्या. आमची मुलं गुन्हेगार ठरली की आख्खं घर गुन्हेगार ठरतं, हे सांगायला कुणीतरी घरातलंच लागत होतं.

११ डिसेंबर २०१३ रोजी न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती मुखोपाध्याय यांच्या पीठाने दिल्लीचा निकाल उलटवला. कारणं मुख्यतः तीन. हे लोक लोकसंख्येचा अत्यल्प हिस्सा आहेत. कलम कृतीला शिक्षा देतं, विशिष्ट गटाला नाही. आणि बदल करायचा तर तो संसदेने करावा. चार वर्षं गुन्हेगार नसलेली माणसं एका सकाळीत पुन्हा गुन्हेगार झाली.

यातलं संसदेचं कारण ऐकायला लोकशाहीला धरून वाटतं. मग संसदेत काय झालं तेही पाहू. शशी थरूर यांनी डिसेंबर २०१५ मध्ये लोकसभेत ३७७ बदलण्यासाठी खासगी विधेयक आणलं. ते मांडायचीच परवानगी ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारली गेली. मार्च २०१६ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा ५८ विरुद्ध १४. विधेयकावर चर्चा होऊन ते पडलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे चर्चेचं दारच लावून घेतलं. मेकॉलेची परंपरा, दुसरं काय.

## बहुसंख्यांना नको असेल, तर न्यायालय कोण सांगणार?

मला वाटतं, या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप हाच आहे. लोक निवडून देतात खासदारांना, न्यायमूर्तींना नाही.

याचं उत्तर हौसिंग सोसायटीत सापडतं. सर्वसाधारण सभेत बहुमताने रंग कोणता लावायचा ते ठरतं, पार्किंगचं भाडं ठरतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला पाणी द्यायचं नाही, असा ठराव शंभर विरुद्ध एक मतांनी झाला तरी चालत नाही. काही गोष्टी मतदानाच्या टोपलीत घालायच्याच नाहीत, असं आधी ठरवून ठेवलेलं असतं. मूलभूत हक्क म्हणजे ही टोपलीबाहेरची यादी. आणि ती यादी मुळात लागते कोणाला? ज्यांच्याकडे मतं आहेत त्यांना संसद पुरते. त्यामुळे 'हे लोक फार थोडे आहेत' हे कारण हक्क नाकारण्यासाठी वापरणं म्हणजे रुग्ण फारच आजारी आहे म्हणून दवाखान्यात घेत नाही, असं म्हणण्यासारखं झालं.

याच संदर्भात 'संवैधानिक नैतिकता' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत वापरला होता. ही नैतिकता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असं ते म्हणाले होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर तेव्हा त्यांचा मुद्दा घटनेत प्रशासनाचे एवढे तपशील कशाला, या टीकेला उत्तर देण्याचा होता. न्यायालयांनी पुढे तो शब्द ताणून समाजाच्या नीतिकल्पनांसमोर उभा केला. हे ताणणं योग्य की अयोग्य, यावर कायद्याच्या वर्तुळात मतभेद आहेत.

बाबासाहेबांचा या विषयाशी याहून सरळ संबंध मात्र मुंबईत आला होता, आणि तो मराठी वाचकांनाही फारसा ठाऊक नसतो. र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षणाबद्दलच्या अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले आंबेडकर. लोक शंका विचारतात, त्यांना ज्ञानाने उत्तर देण्यात अश्लील काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. तेव्हा नुसतं उत्तर छापणं हाच गुन्हा होता.

## मग पाच वर्षांत वारं फिरलं कसं?

सर्वोच्च न्यायालयात किती न्यायमूर्ती बसले यावर निकालाचं वजन ठरतं. दोघांचा निकाल मोडायला मोठं पीठ लागतं. २०१३ नंतर पुनर्विलोकनाची याचिका फेटाळली गेली. अगदी शेवटचा उपाय असलेली क्युरेटिव्ह याचिका २०१६ मध्ये पाच जणांच्या पीठाकडे पाठवून ठेवली गेली. दरम्यान बाजूच्या रस्त्यांनी दोन निकाल आले. एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मिळाला. त्या प्रकरणात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही न्यायालयात आल्या होत्या. यातून भलतीच विसंगती झाली: ओळख मान्य, पण त्या ओळखीने जगलात तर ३७७.

दुसरा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा, नऊ न्यायमूर्तींचा. आधार कार्डावरून निघालेल्या त्या प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, आणि लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभा आहे असं सांगताना २०१३ च्या निकालावर नाव घेऊन टीका झाली. पायाच उपसला गेला, वरची भिंत पडायची तेवढी राहिली.

या वेळी याचिकाही वेगळ्या होत्या. नर्तक नवतेजसिंग जोहर, पत्रकार सुनील मेहरा, शेफ रितू दालमिया, हॉटेल व्यावसायिक अमन नाथ आणि उद्योजक आयेशा कपूर यांनी २०१६ मध्ये स्वतःच्या नावाने सांगितलं की या कलमामुळे आम्हीच गुन्हेगार ठरतो. मागोमाग आयआयटीचे वीस आजी-माजी विद्यार्थी आले. मुंबईत १९९० पासून या विषयावर उघडपणे काम करणारे अशोक राव कवी आले. लखनौचे आरिफ जाफरही आले. 'तुमच्यावर कुठे खटला आहे?' असं त्यांना विचारायची सोयच नव्हती.

जुलै २०१८ मध्ये चार दिवस सुनावणी झाली. केंद्राने या वेळी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोडला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाचही न्यायमूर्तींनी एकमताने २०१३ चा निकाल पुसला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा, रोहिंटन नरिमन, अजय खानविलकर, धनंजय चंद्रचूड आणि इंदू मल्होत्रा. चार वेगवेगळी निकालपत्रं, पण निष्कर्ष एक.

तर्क थोडक्यात असा. समतेचा हक्क सरकारला माणसांमध्ये फरक करायला सरसकट मनाई करत नाही. श्रीमंतांना जास्त कर लावता येतो. मात्र फरकाला कारण लागतं, आणि त्या कारणाचा हेतूशी संबंध लागतो. 'नैसर्गिक' आणि 'अनैसर्गिक' या फरकाला असं कारण सापडत नव्हतं. आपल्याकडे डावखुऱ्या पोराचा हात बांधून त्याला उजव्या हाताने लिहायला लावायचे, ते आठवा. डावखुरे थोडे असतात, म्हणून ते निसर्गाविरुद्ध आहेत असं ठरवून टाकायचे. शिवाय स्त्री-पुरुष भेदावरून भेदभाव नको, या घटनेच्या तरतुदीत लैंगिक कलही येतो, असं न्यायालयाने म्हटलं. परक्या राजवटीने केलेला कायदा घटनेशी जुळतोच असं गृहीत धरण्याचं कारण नाही, हे नरिमन यांचं निरीक्षण. इंदू मल्होत्रांनी लिहिलं की इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी.

## हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ ना?

माणसं तर इथलीच आहेत. कायदा मात्र पक्का पाश्चात्त्य होता, तारखेसकट. ज्यांनी तो इथे आणला त्यांनी स्वतःच्या इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ मध्येच प्रौढ पुरुषांमधले संमतीचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले. आपण त्यांचा उतरलेला कोट आणखी एक्कावन्न वर्षं 'आपली संस्कृती' म्हणून अंगावर वागवला.

याच्या उलट बाजूने खजुराहोची शिल्पं आणि जुने ग्रंथ दाखवणारेही बरेच. मला तो रस्ता पटत नाही. जुन्या ग्रंथांत याविरुद्धची वचनंही काढून दाखवता येतील, मग काय करायचं? शंभर कोटींहून अधिक लोकांच्या देशात कोणाला तुरुंगात टाकायचं, हे देवळाच्या भिंतीवरून ठरवू नये. कोणाच्याही बाजूने नाही.

## तर मामांचा प्रश्न: लग्नं का नाहीत?

गावात राहायची बंदी उठली म्हणून सातबाऱ्यावर नाव लागत नाही. २०१८ मध्ये बंदी उठली. सरकारने आपल्याला एकटं सोडावं, हा एक हक्क. सरकारने आपलं नातं नोंदवून घ्यावं आणि त्यावर वारसा, दत्तक, पेन्शन उभी करावी, हा दुसरा. पहिल्यासाठी कात्री पुरते. दुसऱ्यासाठी नवीन शिवण लागते.

समलिंगी लग्नांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १७ ऑक्टोबर २०२३ ला दिलेल्या निकालात नेमकं हेच आडवं आलं. लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. लग्नाऐवजी निदान नागरी जोडीदारीला मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन अशी फाटाफूट झाली आणि तिघांचं म्हणणं ठरलं: ते काम संसदेचं. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनही फेटाळलं गेलं. म्हणजे आज पुण्यात दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया उघडपणे एकत्र राहू शकतात, पोलीस दार वाजवू शकत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ खात्याने स्पष्ट केल्यापासून संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराचं नाव नामनिर्देशनात घालायला अडचण नाही. पण मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्यातला एक गेल्यावर घर जाईल ते वीस वर्षं न बोललेल्या भावाकडे.

## आणि काकांचा: नव्या कायद्यात आलंय का?

नाही आलं. कुठल्याच नंबरने आलं नाही, आणि गंमत म्हणजे तीच अडचण झाली आहे.

२०१८ च्या कात्रीने सदऱ्याची एक बाही गेली होती. बाकीचा सदरा जबरदस्तीला बळी पडलेल्या पुरुषाच्या अंगावर होता. नवी न्याय संहिता करताना संसदेने तो सदराच टाकून दिला. बलात्काराच्या नव्या कलमातही आरोपी पुरुष आणि पीडित स्त्री, असंच गृहीत आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पॉक्सो हा वेगळा कायदा आहे, तो मुलगा-मुलगी भेद करत नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे, पण त्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षांचीच शिक्षा. नवऱ्याच्या जबरदस्तीविरुद्ध काही स्त्रिया ३७७ खाली तक्रार करत. ते टिकतं की नाही यावर न्यायालयांचं एकमत नव्हतं, पण आता तो प्रश्नच उरला नाही. संसदेच्याच स्थायी समितीने विधेयक तपासताना सांगितलं होतं की संमतीविना झालेल्या कृत्यांपुरतं ३७७ सारखं काहीतरी ठेवा. ते ठेवलं गेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला यावर निर्णय घ्यायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मागणी आली, तेव्हा त्यांनी नकार दिला: नवा गुन्हा निर्माण करणं न्यायालयाच्या हातात नाही. पुन्हा सुई-दोरा.

मामांना मी हे नंतर फोनवर सांगितलं. लग्नाचं त्यांनी ऐकून घेतलं, 'बघू, होईल हळूहळू' म्हणाले. या शेवटच्या भागाने मात्र त्यांच्यातला हवालदार जागा झाला.

"म्हणजे उद्या एखादा तरणा पोरगा ठाण्यात आला, चौघांनी जबरदस्ती केली म्हणाला, तर ठाणे अंमलदार लिहिणार काय?"

"दुखापत, मामा. फार तर डांबून ठेवणं, धमकी."

"आणि जे झालं ते?"

"त्याला नंबर नाही."

पलीकडे बराच वेळ नुसती पंख्याची घरघर येत राहिली.